कुलूप न उघडता फोन अपडेट होतो, तो कसा?

मागच्या महिन्यात तासगावचे मामा सांगलीला आले ते खिशात एक चिठ्ठी घेऊन. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरानं बॉलपेननं लिहून दिलं होतं, "बूटलोडर अनलॉक + सॉफ्टवेअर. डाटा जाईल. ८०० रु." मामांना त्यातलं 'डाटा जाईल' एवढंच कळलं होतं आणि तेवढ्यानंच ते हादरले होते. बेदाण्याचा हंगाम उरकत आलेला. कोल्ड स्टोरेजच्या पावत्यांचे फोटो, व्यापाऱ्यांशी व्हॉट्सॲपवर ठरलेले भाव, नातीच्या बारशाचे व्हिडिओ, सगळं त्या एका फोनमध्ये.

"आठशे रुपयांचं काय न्हाई रं," मामा म्हणाले, "पण पावत्या गेल्या तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मूळ तक्रार साधी होती. बँकेचं ॲप सारखं बजावत होतं की तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर जुनं झालंय. त्यात पेपरात बातमी वाचलेली. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली सर्ट-इन नावाची संस्था आहे, ती संगणक आणि मोबाईलमधल्या सुरक्षेच्या त्रुटींबद्दल वेळोवेळी इशारे देते. 'अँड्रॉइड वापरणाऱ्यांनो, फोन ताबडतोब अपडेट करा' अशी चौकट आपण वाचतो ती बहुधा तिथूनच आलेली असते. इशारा खरा असतो. पण अपडेट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे त्या चौकटीत मावत नाही. म्हणून हा लेख. मामांना जे सांगितलं ते आधीच सांगतो: कंपनीचं अपडेट घालायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना अँड्रॉइडला उठवणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागत नाही. उलट तो लॉक असतो म्हणूनच अपडेट बिनघोर घालता येतं.

फर्मवेअर म्हणजे काय

फोनमधली ॲप्स म्हणजे घरातले भाडेकरू. आज आले, उद्या गेले. फर्मवेअर म्हणजे त्या घराचा पाया, वायरिंग आणि नळजोडणी. टॉवरशी बोलणाऱ्या मोडेमचा प्रोग्राम, कॅमेरा आणि टच चालवणारे प्रोग्राम, अँड्रॉइडची मूळ यंत्रणा, हे सगळं कंपनी एका गठ्ठ्यात बांधून पाठवते. काटेकोर व्याख्येत यातला काहीच भाग फर्मवेअर ठरतो, पण बोलताना सगळ्या गठ्ठ्यालाच फर्मवेअर म्हणतात आणि आपणही तसंच म्हणू. दुकानात 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' म्हणतात तेव्हा हाच गठ्ठा पुन्हा भरायचा असतो.

त्याचं महत्त्व २०२२ साली बऱ्याच जणांनी अनुभवलं. १ ऑक्टोबरला देशात फाइव्ह-जी सुरू झालं. हातातला फोन फाइव्ह-जीचा, तरी कित्येकांना ते मिळेना. फोनमधला रेडिओ तयार होता, पण आपल्याकडच्या नेटवर्कवर तो चालू करायची परवानगी देणारं सॉफ्टवेअर आलेलं नव्हतं. आयफोनवाल्यांना ते डिसेंबरमध्ये आयओएस १६.२ बरोबर मिळालं. नवा फोन न घेता, नुसत्या अपडेटनं फोन फाइव्ह-जी झाला.

दुसरं कारण सुरक्षेचं. २०१५ च्या जुलैमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघडकीला आली. मुद्दाम बनवलेला एक एमएमएस पाठवून अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येत होतं. त्या धक्क्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलनं दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती किती जुनी आहे, हे लेख वाचता वाचताच बघून घ्या.

अँड्रॉइडच्या आधी जागा होणारा

बटण दाबल्यावर फोनमध्ये अँड्रॉइडच्या आधी जे जागं होतं आणि अँड्रॉइडला उठवतं, तो प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. पण तो कुणालाही उठवत नाही. आधी ओळख विचारतो.

पूर्वी बँकेत खातं काढायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. 'या माणसाला मी ओळखतो' अशी त्याची सही असेल तरच खातं. फोनमध्ये हेच साखळीनं चालतं. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, जो नंतर कुणालाच बदलता येत नाही, कंपनीलाही नाही. तो बूटलोडरची ओळख तपासतो. बूटलोडर अँड्रॉइडच्या गाभ्याची तपासतो. गाभा पुढच्या सगळ्या यंत्रणेची तपासतो. एका कडीनं जरी 'याला मी ओळखत नाही' म्हटलं तरी फोन पुढं सरकत नाही.

'बूटलोडर लॉक आहे' म्हणजे ही ओळखपरेड चालू आहे. 'अनलॉक केला' म्हणजे तिथल्या पहारेकऱ्याला सांगितलं की येणाऱ्याला ओळख विचारू नकोस. स्क्रीनचा पॅटर्न उघडणं किंवा दुसऱ्या कंपनीचं सिम चालवण्यासाठी फोन अनलॉक करणं, यांचा या कुलपाशी काही संबंध नाही. तिन्हींना एकच शब्द वापरतात आणि तिथंच निम्मा गोंधळ होतो.

सही ओळखतात कशी? सातबाऱ्यासारखी

मामांना हा भाग पटकन कळला, कारण त्यांनी नुकताच पीककर्जासाठी डिजिटल सहीचा सातबारा काढला होता. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळतो तो.

जुन्या सातबाऱ्यावर शिक्का आणि पेनाची सही असायची. शिक्का कोरून घेता येतो, सही गिरवता येते, आणि कागदावरचा आकडा खोडून दुसरा लिहिला तरी शिक्का तसाच राहतो. डिजिटल सहीचं तसं नाही. ती कागदाच्या कोपऱ्यात नसते, मजकुराशीच बांधलेली असते. आख्ख्या मजकुराचा गणितानं एक ठसा काढतात आणि त्या ठशावर सही होते. २ हेक्टरचे कुणी ३ केले की ठसा बदलतो, आणि सही जुळत नाही.

कंपनी फर्मवेअरच्या गठ्ठ्यावर अशीच सही करते. सही करायची किल्ली कंपनीच्या तिजोरीत असते, ती फोनमध्ये कधीच येत नाही. फोनमध्ये असते ती फक्त सही तपासायची किल्ली. त्यामुळं फोन पूर्ण उघडून बसलं तरी कंपनीच्या नावानं खोटी सही करता येत नाही.

म्हणजे कुलूप अपडेटच्या विरोधात नाहीच. सही कंपनीची असेल तर बूटलोडर ती वाट मोकळी करून देतो. कुलूप अडवतं ते बिनसहीच्या किंवा भलत्याच सहीच्या गठ्ठ्याला.

मग अपडेट आत शिरतं कसं

नेहमीचा मार्ग म्हणजे ओटीए, हवेतून येणारं अपडेट. फोन गठ्ठा उतरवून घेतो, उघडायच्या आधी सही तपासतो, मग भरतो. पुन्हा चालू होताना बूटलोडर परत तपासतो. एकाच मालाची दोनदा तपासणी.

बऱ्याच फोनमध्ये आता हे काम अंगावर न येता होतं. काही शाळांत फिरता फळा असायचा. पोरं पुढची बाजू उतरवून घेत असताना गुरुजी मागच्या बाजूला पुढचा धडा लिहून ठेवायचे, आणि वेळ झाली की फळा फिरवायचा. अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून, म्हणजे सातव्या आवृत्तीपासून, अशी दोन बाजूंची सोय आली. तुम्ही फोनवर बोलत असता तेव्हा नवं फर्मवेअर मागच्या बाजूला लिहिलं जातं. रीस्टार्ट केलं की फळा फिरतो. नवी बाजू नीट चालू झाली नाही तर फोन आपोआप जुन्या बाजूवर परत येतो. फोटो, पावत्या, चॅट हे या फळ्यावर नसतातच, त्यांचं कपाट वेगळं. म्हणून ओटीएनं डेटा जात नाही. तरीही आधी बॅकअप घ्या, कारण बॅटरी, स्टोरेजची चिप आणि माणसाचा हात यांचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

छोटी अपडेट्स शुद्धिपत्रकासारखी असतात. 'पान १२, ओळ ५, अमुक ऐवजी तमुक वाचावे.' तुमच्याकडचं पुस्तक हुबेहूब त्याच आवृत्तीचं असेल तरच ते लागू पडतं. आता ज्यानं बूटलोडर अनलॉक करून, रूट करून (म्हणजे मूळ यंत्रणेत हवे ते बदल करायचा पूर्ण अधिकार घेऊन) पुस्तकातच खाडाखोड केली आहे, त्याला हे शुद्धिपत्रक जुळत नाही. कंपनीचं अपडेट त्याच्या फोनवर अडतं. म्हणजे जो माणूस अपडेटसाठी म्हणून कुलूप काढायला जातो, तो स्वतःची नियमित अपडेटची वाट अवघड करून बसतो. चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या पोराला हे कुणी सांगितलंच नसावं.

'पण माझ्या फोनला अपडेट येतच नाही'

मामांचंही हेच म्हणणं होतं. कंपन्या अपडेट एकाच दिवशी सगळ्यांना देत नाहीत. आधी थोड्या फोनना देतात, काही बिघडत नाही हे बघतात, मग संख्या वाढवतात. शेजाऱ्याला आलं आणि तुम्हाला नाही, यात काळजीचं काही नाही.

पण मामांच्या फोनचं कारण वेगळं निघालं. अपडेट आलेलं होतं, महिनोन्महिने दारात उभं होतं. फोन फक्त वायफायवर मोठी फाइल उतरवायला बसवलेला, आणि शेडवर किंवा घरी वायफाय नाही. दुसरं, आत जागाच नाही. व्हॉट्सॲपवर आलेली सकाळची फुलं आणि सुविचारांचे व्हिडिओ, एकेक करत सगळं भरलेलं. आधी मी पावत्यांचे फोटो लॅपटॉपवर काढून घेतले, मामांनी मोजून खात्री केली. मग नको ते व्हिडिओ पुसले, घरचं वायफाय जोडलं, चार्जर लावला. चहा होईपर्यंत फाइल उतरली. ते झाल्यावर त्याच्या मागचं दुसरं, मग तिसरं. संध्याकाळी पॅचची तारीख ताजी झाली. एक फोटो गेला नाही.

इतकं करूनही अपडेट येत नसेल तर ते हातानं घालता येतं, आणि तेव्हाही बूटलोडर लॉकच राहतो. पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. सॅमसंगचं स्मार्ट स्विच संगणकावर घालून केबलनं फोन जोडला की तेच फर्मवेअर तपासून भरतं. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये अपडेटच्या पानावरच्या चिन्हावर लागोपाठ टिचक्या मारल्या की 'अपडेट पॅकेज निवडा' हा पर्याय उघडतो, आणि उतरवून ठेवलेली अधिकृत फाइल दाखवता येते. गूगल पिक्सेलसाठी दोन प्रकारच्या फाइली जाहीर करतं आणि लोक इथंच चुकतात. 'फॅक्टरी इमेज' नावाची फाइल फास्टबूटनं, म्हणजे केबलनं थेट बूटलोडरशी बोलून, भरायची असते, तिला अनलॉक लागतं, डेटा जातो. 'पूर्ण ओटीए' नावाची फाइल रिकव्हरीतून, म्हणजे फोनमधल्या दुरुस्तीच्या छोट्या वेगळ्या यंत्रणेतून, भरायची, तिला अनलॉक लागत नाही, डेटाही राहतो. इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ पहिल्या फाइलीची कृती दाखवतात आणि बघणाऱ्याला वाटतं, अपडेटला अनलॉक लागतंच.

माझ्या स्वतःच्या पिक्सेलवर मी दुसरी पद्धत वापरली आहे. फोन केबलनं लॅपटॉपला जोडायचा, रिकव्हरीत न्यायचा, 'एडीबीवरून अपडेट लावा' निवडायचं (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आदेश द्यायचं साधन), आणि लॅपटॉपवर 'एडीबी साइडलोड' हा आदेश देऊन फाइलचं नाव लिहायचं. टक्के वाढत जातात आणि ४७ वर थांबतात. पहिल्या वेळी माझा हात केबलकडे गेला होता. बरं झालं ओढली नाही. तो आकडा मोजताना प्रोग्राम गृहीत धरतो की फोन फाइल दोनदाहून थोडी जास्त वाचेल. फोननं एकदाच वाचली की गणित ४७ टक्क्यांवर संपतं. काम झालेलं असतं. खरं काय ते फोनच्या स्क्रीनवर बघायचं, लॅपटॉपच्या नाही. अर्ध्यात केबल काढण्याइतका वाईट निर्णय या सगळ्या कामात दुसरा नाही.

फाइल मात्र कंपनीच्याच जागेवरून घ्यायची, आणि मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवायचा. एकाच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, चीनसाठी वेगळा असतो. चुकीची फाइल असली तर लॉक असलेला फोन ती बहुतेक वेळा नाकारतो आणि तुमचं काही बिघडत नाही. अनलॉक असलेला मुकाट्यानं घेऊ शकतो आणि लोगोवर अडकू शकतो.

अनलॉक केलं तर काय होतं

पहिलं म्हणजे सगळा डेटा पुसला जातो, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. नाहीतर चोरानं तुमचा फोन उचलावा, कुलूप काढावं, आपली यंत्रणा घालावी आणि तुमचे फोटो बघत बसावं. डेटा आधी पुसायचा, मगच कुलूप काढायचं, असा तो नियम आहे.

दुसरं, फोन चालू करताना प्रत्येक वेळी इशारा दिसतो की ही यंत्रणा तपासलेली नाही. तिसरं बँकांचं. गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी ॲपला सांगते की फोन विश्वासाचा आहे की नाही. अनलॉक फोन त्यात नापास होऊ शकतो आणि मग बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडायला नकार देतं. मामा गेले होते बँकेचं ॲप सुरळीत व्हावं म्हणून! बऱ्याच फोनवर सिनेमे दाखवणारी ॲप्स चित्राचा दर्जाही उतरवतात. सॅमसंगमध्ये तर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर भरलं की तो उडतो आणि पुन्हा बसवता येत नाही, खासगी फाइली कुलपात ठेवणाऱ्या सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात.

'मग परत लॉक करू' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना. आत कंपनीची मूळ यंत्रणा जशीच्या तशी नसताना कुलूप परत लावलं, तर पहारेकरी आतल्यालाच ओळखत नाही. फोन उठतच नाही.

'दुकानात बॉक्स (फोनमध्ये सॉफ्टवेअर भरायचं यंत्र) लावून मारतात, ते कसं चालतं?'

बूटलोडरच्याही खाली चिपचा एक आणीबाणीचा दरवाजा असतो. पूर्ण मेलेला फोन कारखान्यात किंवा सर्व्हिस सेंटरला जिवंत करता यावा म्हणून तो ठेवलेला असतो. क्वालकॉमच्या चिपमध्ये त्याला ईडीएल म्हणतात. तिथंही सरसकट प्रवेश नाही. आत जाणारा छोटा प्रोग्राम सहीचाच लागतो, आणि काही कंपन्या त्यासाठी अधिकृत खातंही मागतात. डेड फोनसाठी हा मार्ग योग्य. पण चालता-बोलता फोन केवळ अपडेटसाठी तिथून नेणं म्हणजे पडसं झालं म्हणून मिरजेला ऑपरेशनला जाणं.

'नवं आवडलं नाही, तर जुन्यावर परत येता येईल?'

बऱ्याचदा नाही, आणि त्यामागचं कारण मला पटतं. मामांच्या सोसायटीनं दहा वर्षांपूर्वीचा सातबारा घेतला असता का? तो खरा आहे, सही खरी आहे, पण शिळा आहे. मध्ये बोजा चढला असेल, वाटणी झाली असेल. जुन्या फर्मवेअरचं तसंच. सही कंपनीचीच, पण आत बुजवलेली भोकं पुन्हा उघडी. म्हणून फोन एक आकडा जपून ठेवतो आणि त्याच्या खालचं काही स्वीकारत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ च्या फोनना अँड्रॉइड १३ आलं तेव्हा गूगलनं आधीच सांगितलं होतं की यानंतर १२ वर परत जाता येणार नाही.

तेव्हा मोठी आवृत्ती बदलणार असेल तर आठवडाभर थांबून इतरांचा अनुभव बघणं मी समजू शकतो. पहिला दिवस-दोन दिवस फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, कारण आत सगळी ॲप्स नव्या यंत्रणेसाठी परत जुळवली जात असतात. कमी रॅमचा जुना फोन मोठ्या आवृत्तीनं जड होतो, हीही लोकांची तक्रार खोटी नाही. पण महिन्याचा सुरक्षा पॅच म्हणजे मोठी आवृत्ती नव्हे. तो टाळू नका.

'फोन माझा, मग कुलूप कंपनीचं का?'

हा प्रश्न मला मनापासून योग्य वाटतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर काय चालवायचं हे मालकानं ठरवावं. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनवर लिनेजओएससारखी यंत्रणा घालून लोक तो आणखी काही वर्षं वापरतात. त्यासाठी अनलॉक लागतो, आणि ज्याला त्याचे परिणाम माहीत आहेत त्यानं जरूर करावा. काही कंपन्या ती मुभाच देत नाहीत, हे मला खटकतं. पण तो निर्णय मालकानं समजून-उमजून घ्यायचा असतो. अपडेटच्या नावाखाली, चिठ्ठीवरच्या एका ओळीनं तो कुणाच्या गळ्यात पडू नये.

कंपनीनंच हात वर केले असतील तर

मामांचं काम झाल्यावर मामींनी आपला फोन पुढं केला. तो २०१८ सालचा. पॅचची तारीख काही वर्षांपूर्वीची, आणि 'तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे' असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं. यातला 'अद्ययावत' शब्द लोकांना फसवतो. कंपनीनं यापुढं काही पाठवायचं बंद केलंय, इतकाच त्याचा अर्थ. आता काही कंपन्या सात-सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात, २०२३ चा पिक्सेल ८ आणि २०२४ चा गॅलेक्सी एस२४ त्यातलेच. नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हे विचारावं.

मामींच्या फोनला अधिकृत अपडेट कुठूनच मिळणार नव्हतं, आणि अनलॉक करून दुसरी यंत्रणा घालायची तर ती सांभाळणार कोण? आम्ही दोघांनी मिळून त्यातून यूपीआय आणि बँकेचं ॲप काढून टाकलं, सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं. फोन आता शेडवर असतो. हवामान बघायला, आणि बेदाणा निवडताना बायकांना गाणी लावायला.